मदत हवी आहे: वाचनालयातल्या प्रौढ वर्गासाठी सरकारी पैसे कुठून मिळतील?

मंडळी, आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी काही काकी-मावश्या अक्षरं शिकायला येतात, काजूच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो पण परवा एकीने बँकेत अंगठा न लावता पहिल्यांदा सही केली, आता बाकीच्याही हट्टाला पेटल्यात. ३० मे २०२५ ला गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला, आनंदच आहे, पण ह्या बायकांचं शिकणं अजून चालूच आहे ना! केंद्राची प्रौढ साक्षरतेची उल्लास योजना २०२७ पर्यंत आहे पण ती स्वयंसेवकांवर चालते, मानधन नाही. शिकवणारी मुलगी वाळपईहून बसने येते, तिला निदान तिकिटाचे पैसे तरी मिळायलाच हवेत. पंचायतीकडून किंवा ग्रंथालय अनुदानातून असं कोणाला मिळालंय का? अर्ज कोणाकडे द्यायचा, कमिटीचा ठराव लागतो का?