निघोजच्या रांजणखळग्यांवर मुलांना नेमकं काय दाखवायचं?

कातळवाट:
फेब्रुवारीत नववीची २५ मुलं आणि काही पालक निघोजला, कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे (कातळातले रांजणासारखे खोल खड्डे) बघायला न्यायचेत. तिथे तीन प्रश्न ठरलेले: हे लाव्हाच्या बुडबुड्यांचे खड्डे का? ज्वालामुखीचं तोंड कुठे? आणि हातातला काळा दगड दाखवत, ही उल्का आहे का? भाषण नको आहे, मुलांनी स्वतः बघून ठरवावं. शिवाय तिथल्या कातळावर होकायंत्र भरकटतं, ते का? खनिज ओळखायची ॲसिडची चाचणी मुलांसमोर करावी का?

ओढ्याकाठी:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर रांजणाच्या भिंतीवरच आहे. बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या या काळ्या कातळात, वायूच्या पोकळ्या असतात, पण त्या बहुतेक मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढ्याच, आणि नंतर पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. विहीर खणणारे या खडकाला मांजऱ्या म्हणतात. अशा भरलेल्या पोकळ्या रांजणाच्या भिंतीत शोधायला लावा. त्या भिंतीच्या पातळीत सपाट कापलेल्या दिसतील. म्हणजे आधी लाव्हा थिजला, मग पोकळ्या भरल्या, आणि त्यानंतर कधीतरी रांजण कोरला गेला. हा क्रम मुलांना स्वतः लावू द्या, घाईने सांगून टाकू नका.

मग मोजमाप. टेपच्या टोकाला वजन बांधून खोली, तोंडाची रुंदी आणि पोटाची सर्वांत जास्त रुंदी. पुष्कळ ठिकाणी पोट तोंडापेक्षा मोठं निघतं, कारण पुराच्या भोवऱ्यात वाळू-गोटे तळाशी फिरतात आणि घासायचं काम तिथेच जास्त होतं. तळातले गोल गोटे बघा, पण उचलून घरी नेऊ नका; ते या कामाचं हत्यार आहे. रांजणांची रांग खडकातल्या भेगेच्या दिशेने जाते का, हेही वहीत काढायला सांगा. पाण्याला सुरुवात करायला एखादी भेग किंवा कच्चा भाग पुरतो. शेजारचे दोन वाढत एकमेकांत फुटले की चर होतो.

गेरूचा_थर:
ज्वालामुखीच्या तोंडाबद्दल: दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. भेगांमध्ये थिजलेला लाव्हा आज भिंतींसारखा उभा दिसतो. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती भरपूर आहेत. चित्र दाखवायचंच तर शंकूच्या डोंगराचं नको, आइसलंडच्या लाकीचं दाखवा. १७८३ मध्ये तिथे सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा येत होता. सह्याद्रीचे सुळके हे 'विझलेले ज्वालामुखी' नाहीत, झीज होऊन उरलेले थर आहेत. हा गैरसमज पाठ्यपुस्तकातल्या शंकूच्या चित्रानेच पक्का होतो असं माझं मत.

चुंबकसुई:
बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं, म्हणून सुई ओढली जाते. कातळावर ठेवून वाचन घेऊ नका. कमरेच्या उंचीवर घ्या, मग समोरच्या खुणेवर जाऊन उलट दिशेने पुन्हा घ्या. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला नाही, तर जागा बदला. हातोडा आणि चुंबकाचं कव्हर असलेला फोन लांब ठेवा.

याच कारणाने 'चुंबक चिकटला, म्हणजे उल्का' ही चाचणी इथे कुचकामी आहे. अंगभर भोकं असणं हे तर उल्का नसल्याचंच लक्षण. पातळ काळं कवच आहे का ते बघा आणि एक कोपरा कानशीने घासा: आत चमकदार धातूचे कण दिसले तरच पुढची चौकशी.

ॲसिड: ३५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक एक भाग, पाणी तीन भाग, म्हणजे साधारण १० टक्के. पाण्यात ॲसिड ओतायचं, उलट कधीच नाही. मिश्रण घरूनच करून ड्रॉपरच्या बाटलीत न्या. बाटली मोठ्यांच्या हातात, चष्मा आणि हातमोजे घालून. पांढऱ्या खनिजावर एक थेंब. फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. नाही, तर चाकूने ओरखडा: उठला तर बहुधा झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारं आणखी एक खनिज), नाही उठला तर गारगोटीच्या जातीचं. फसगत होते ती पृष्ठभागावरच्या चुन्याच्या पापुद्र्यामुळे, कारण तो कशावरही असला तरी फसफसतो. म्हणून ताजा फुटलेला पृष्ठभाग हवा.

कातळवाट:
ताजा पृष्ठभाग म्हणजे हातोडा आलाच. तो पात्रात चालवावा का?

ओढ्याकाठी:
अजिबात नाही. मळगंगा देवीचं स्थान आहे, आणि रांजणाची कड तुटली की पुन्हा यायची नाही. रस्त्याच्या कामाचा किंवा खाणीचा पडलेला मांजऱ्या दगड आधीच फोडून न्या. जायच्या आधी पाटबंधारे खात्याकडे पाणी सोडण्याचं वेळापत्रक विचारा. वर धरणं आहेत, त्यामुळे पाऊस नसतानाही पात्र भरू शकतं. शेवाळलेल्या आणि पाणी असलेल्या रांजणांच्या कडेला कोणालाही उभं करू नका. भिंती गुळगुळीत, पोट आत गेलेलं, त्यामुळे पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. जाड दोर सोबत असू द्या आणि मोजमाप फक्त कोरड्या, उथळ रांजणांचं.