तापवल्यावर काळ्या पाषाणाच्या भेगेतून पाणी कमी का जातंय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात राहून भूशास्त्राच्या एमएस्सीचा प्रकल्प करतेय. जवळच्या खाणीतल्या काळ्या पाषाणाचा गोल गाभा (नळकांड्यासारखा तुकडा) काढून तो छिन्नीने उभा दुभंगवला, दोन्ही भाग जुळवून सिलिकॉनच्या नळीत बसवले आणि त्या भेगेतून डिस्टिल्ड पाणी सोडतेय. बाहेरचा दाब कायम आहे, दोन टोकांमधला दाबाचा फरकही तोच.

२५ अंशांवरून ८० अंशांवर गेलं की पाण्याची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) ०.८९ वरून साधारण ०.३५ मिलिपास्कल-सेकंदांवर येते. भेग जशीच्या तशी राहिली तर प्रवाह अडीचपट व्हायला हवा. माझ्याकडे जेमतेम दीडपट होतो. प्रवाह भेगेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात धरून उलटा हिशेब केला, तर भेग सुमारे १६ टक्के अरुंद झालेली निघते.

आधी वाटलं, दगड प्रसरण पावला असेल. पण मग थंड झाल्यावर भेग पुन्हा उघडायला हवी. पुन्हा २५ अंशांवर आणलं तरी प्रवाह पहिल्याइतका येत नाही. घोडं इथेच अडलंय. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटून बुडबुडे अडकतात, म्हणून ते आधी उकळून बंद भांड्यात निववूनच वापरते.

गाभा उघडून भिंगाखाली पाहिला. पाणी शिरतं त्या बाजूचा हिरवट मातीचा लेप धुऊन गेलाय आणि बाहेर पडायच्या टोकाशी खाचांमध्ये साचलाय. झिओलाइट या खनिजाचे पांढरे दाणे मात्र जागच्या जागी आहेत. त्यामुळे माझा कल मातीचे कण अडकण्याकडे आहे. पण भेगेचे उंचवटे एकमेकांना टेकतात तिथे दाबाखाली दगड विरघळून भेग मिटत असेल, तर तोही बदल कायमचाच.

हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? प्रवाह उलट्या दिशेने सोडला तर अडकलेले कण सुटून पाणी काही वेळ तरी वाढेल, असं मला वाटतं. ही चाचणी भरवशाची आहे का? आणि दगड विरघळत असेल, तर ८० अंशांना बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिलिका (दगडातला मुख्य घटक) मोजण्याइतकी येते का?

कोकणातल्या राजापूर, तुरळ, उन्हवरे इथल्या झऱ्यांचं गरम पाणी चिरांमधूनच वर येतं. इतक्या उष्णतेत त्या चिरा बुजत कशा नाहीत, हे समजून घ्यायची फार ओढ आहे. असे प्रयोग केलेल्या कुणी आधी कोणती चाचणी घ्यावी एवढं सांगितलं तरी पुढचा गाभा त्याप्रमाणे लावते.