सावद्याची मोजणी १८५२, फैजपूर १९३६ : साऱ्याची तक्रार स्वराज्यापर्यंत कशी पोचली?

तापीकाठ
राम राम मंडळी. १८५२ साली खानदेशातल्या सावदा, रावेर, चोपडा भागात लोकांनी शेतसारा ठरवण्यासाठीच्या सरकारी जमीनमोजणीला विरोध केला. फौज आली, पुढारी पकडले गेले, मोजणी पार पडली. गुजरातेत बार्डोलीला १९२८ साली तक्रार तीच, साऱ्याची. पण त्यानंतर दोन वर्षांच्या आत देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली जात होती. १८५२ ला नेमकं काय कमी पडलं? तेव्हा जुलूम कमी होता, हे उत्तर मला पटत नाही.

काळीमाती
जुलमाचं माप लावून हे कळणारच नाही. आधी सारा ठरायचा कसा ते बघा. रयतवारीत खातेदार थेट सरकारचा देणेकरी. मोजणीदार क्षेत्र काढायचा, मग मातीचा रंग, खोली आणि दोष बघून आण्यांत प्रत, म्हणजे जमिनीचा दर्जा, लावायचा. तिला त्या गावांच्या गटाचा दर लावला की झाली आकारणी, साधारण तीस वर्षांसाठी. प्रत लावणारा सरकारी, दर ठरवणारा सरकारी, तक्रार ऐकणाराही सरकारीच. पुढे १८७६ च्या कायद्यानं तर आकारणीविरुद्ध दिवाणी कोर्टाची वाटही बंद केली.

‘सारा फार आहे’ ही तक्रार सूट देऊन मिटते. ‘सारा ठरवणारे तुम्ही कोण?’ हा प्रश्न सुटीनं मिटत नाही. अमेरिकेत १७७३ च्या कायद्यानं चहा उलट स्वस्त झाला होता, तरी बोस्टनला ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. पौंडामागे तीन पेन्सचा कर ज्या ब्रिटिश पार्लमेंटनं लावला, तिथे अमेरिकेतल्या वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता.

सावद्याला लोकांची एकजूट होती, पण मागणी एकच : मोजणी थांबवा. पुढारी पकडल्यावर दुसरी फळी उभी राहिली नाही, आणि शेजारच्या जिल्ह्याला ती आपली लढाई वाटायचं कारण नव्हतं.

शेतसारा_अभ्यास
बार्डोलीची तयारी बारकाईनं बघा, दादा. सरकारनं वाढ २२ टक्के केली. वल्लभभाईंनी सारा माफ करा असं म्हटलंच नाही; निःपक्ष चौकशी करा, नाहीतर जुना सारा पूर्ण वसुली म्हणून घ्या, एवढंच मागितलं. मागणी इतकी मोजकी असली की नाकारणारा उघडा पडतो.

थकबाकीवर आधी चौथाईची नोटीस, म्हणजे बाकीच्या पाव पट दंड. मग गुरांची, भांड्यांची जप्ती, शेवटी जमीन खालसा, म्हणजे सरकारजमा. प्रत्येक पायरीला तोड होती : तालुक्यात सत्याग्रहींच्या छावण्या, जप्तीवाले दिसले की ढोल, म्हशी घरात कोंडलेल्या, लिलावात बोली लावणाऱ्यावर बहिष्कार, पाटील-तलाठ्यांचे राजीनामे. लढा मोडतो तो बहुधा लिलावात. बाहेरचा गिऱ्हाईक जमीन घेऊन गेला की गाव हादरतं. म्हणूनच तडजोडीत खालसा जमिनी परत मिळणं कळीचं होतं.

तडजोडीनंतरच्या चौकशीत कळलं की वाढ ज्या खंडाच्या, म्हणजे कुळानं मालकाला द्यायच्या भाड्याच्या, आकड्यांवर उभी होती, ते नीट तपासलेच नव्हते. २२ टक्क्यांचे सहाच्या आसपास आले. सरकारचं गणित चुकू शकतं, हे सरकारच्याच कागदावर आलं. माझ्या मते बार्डोलीची खरी कमाई ही.

काळीमाती
एक जोड. सारा तालुक्यागणिक वेगळा, म्हणून त्यावरचा लढाही तालुक्यापुरता राहतो. मीठ सगळ्यांच्याच ताटात. १९२३ साली मध्यवर्ती विधिमंडळानं मिठावरची दुप्पट वाढ फेटाळली, तरी व्हाइसरॉयनं स्वतःच्या अधिकारात ती लागू केली : मणाला सव्वा रुपयाचे अडीच. पुढच्या वर्षी दर उतरला, पण कर कोण ठरवतो ते सगळ्यांनी बघितलं. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी मांडलेल्या अकरा मागण्यांत मीठकर रद्द आणि शेतसारा निम्मा, या दोन्ही होत्या.

तापीकाठ
हे पटलं. मग काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन यात कुठे बसतं? सावद्याच्या अगदी शेजारी, आणि बरोबर ८४ वर्षांनी.

शेतसारा_अभ्यास
डिसेंबर १९३६, नेहरू अध्यक्ष, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. पण गर्दीपेक्षा तिथला शेतीविषयक ठराव वाचा. सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या तुकड्यांना सूट द्या, कर्जवसुली थांबवा. सारा रोखीत आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरायचा, त्यामुळे कपाशी वेचल्याबरोबर पडेल त्या भावानं विकायची, नाहीतर सावकाराचं दार. सारा आणि कर्ज ही एकच गाठ आहे, हे त्या ठरावात उतरलं.

आणि एक गोष्ट साऱ्याच्या लढ्यांत नेहमी सुटते. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, सारा कमी होऊन काय मिळणार? फैजपूरच्या ठरावात शेतमजुराला पोटापुरती मजुरी मिळावी, हे कलमही आहे. सावद्याच्या मोजणीविरोधात लढले ते खातेदार. इथे सालदारही आला.