चामड्याच्या पट्ट्यांची टेक्नो रात्र आणि आपले शेजारी

रातकिडा, शिवोली
वागातोरजवळच्या एका तळघरातील टेक्नो, म्हणजे यंत्रांवर वाजणाऱ्या ठोक्याच्या नृत्यसंगीताच्या, रात्रीविषयी सांखळीच्या मास्तरांनी काल येथे लिहिले की, ‘चामड्याचे पट्टे आणि मुखवटे घातल्याशिवाय जिथे आत सोडत नाहीत ती निव्वळ विकृती आहे, गोव्यात तिला थारा नको.’ मास्तर त्या दारापर्यंतही गेलेले नाहीत. मी गेलो आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर. दारावरच्या मुलीने माझ्या मोबाइलच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर गोल चिकटपट्ट्या लावल्या आणि ‘विचारल्याशिवाय कोणाला हात लावणार नाही’ हे माझ्याकडून म्हणवून घेतले, मगच कडी काढली. बर्लिनमधल्या किटकॅटक्लबमध्ये वेषाचा असा दंडक १९९४ पासून आहे. त्याचा हेतू अंगप्रदर्शन हा नसून बघ्यांना बाहेर ठेवणे हा आहे, कारण ज्याने स्वतः गळ्यात पट्टा बांधला आहे तो दुसऱ्याच्या पट्ट्याला हसत नाही. उलट बागा किनाऱ्यावर, भर सायंकाळी, अंगभर कपड्यांतल्या माझ्या बहिणीचे चित्रण सहलीला आलेल्या टोळक्याने केले, तेव्हा संस्कृतीरक्षक कुठे होते?

सांखळीचा मास्तर
आपल्या बहिणीच्या बाबतीत घडले ते निंद्यच आहे, पण त्यामुळे माझा मुद्दा खोटा ठरत नाही. बर्लिनची भिंत १९८९ साली पडली, पूर्वेकडच्या इमारती ओस पडल्या आणि तिथल्या पोरांनी त्यांत संगीत नेले. ट्रेझोर हा तिथला टेक्नो क्लब १९९१ मध्ये सुरू झाला तो एका जुन्या दुकानाच्या तिजोरीघरात. आपल्याकडे ओस काय आहे? शेते! ती बुजवून, डोंगर कापून उभारलेल्या वास्तूच्या तळघराला ‘भूमिगत’ म्हणायचे, आणि तिकिटाचा दर असा ठेवायचा की गावातल्या मुलाला तिथे फक्त गाड्या लावायचे काम मिळावे.

हणजूणकरीण
तुमचे पट्टे आणि तुमची संस्कृती दोन्ही राहू द्या. रात्री दोन वाजता माझ्या फडताळातल्या कपबशा एकमेकींवर वाजतात. गाणे ऐकू येत नाही, फक्त ठोका येतो, तोही कानाला नव्हे, खाटेच्या पायातून. तक्रार केली तर पोलीस यंत्र घेऊन येतात आणि ‘आवाज मर्यादेत आहे, बाय’ म्हणून परत जातात.

खर्जातला अभियंता
बाईंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, परंतु मोजणी ज्या ‘ए’ भाराने, म्हणजे माणसाच्या कानाला अनुसरणाऱ्या मापाने, होते त्यात खर्जाचा आवाज फार कमी धरला जातो, आणि टेक्नोचा सारा जीव तर खर्जातच असतो. शिवाय खर्ज भिंतींना सहसा जुमानत नाही. म्हणून यंत्र निर्दोष सोडते आणि कपबशी वाजत राहते.

रातकिडा, शिवोली
विषय वेषाचा होता, डेसिबलचा नव्हे! लग्नाच्या हॉलमधला डीजे याच कपबशा वाजवतो, तेव्हा आपण जेवून येतो.

हणजूणकरीण
लग्न वर्षातून चारदा होते, बाबा. हे दर शनिवारी.

रात्रपाळी
मी अशाच एका ठिकाणी तीन हंगाम स्वयंपाकघरात काढले आहेत, त्यामुळे तुम्हा दोन्ही पक्षांचा मला सारखाच राग येतो. पाहुण्यांच्या संमतीची एवढी काळजी घेणाऱ्या मालकाने आमच्या मागच्या दारासमोर बियरचे खोके रचले होते. ते हलवा म्हटल्यावर ‘पुढून ये-जा कर’ हे उत्तर मिळाले. २०२५ च्या डिसेंबरमध्ये हडफड्याच्या नाइट क्लबमधील आगीत २५ माणसे गेली, त्यांतली बहुतेक तिथे कामाला असलेली. तळघराची गंमत सांगणाऱ्यांनी आधी बाहेर पडायच्या वाटा मोजाव्यात.

रातकिडा, शिवोली
मोजल्या नव्हत्या, हे कबूल करतो. एकच जिना आठवतो. तरीही विकृती हा शब्द मास्तरांनी मागे घ्यावा.

सांखळीचा मास्तर
घेतला. त्याऐवजी ‘बेफिकिरी’ लिहितो, आणि ती चिकटपट्टी आमच्या जत्रेच्या दारावरही लावावी असे सुचवतो, म्हणजे आपले समाधान होईल.

हणजूणकरीण
येत्या शनिवारी दहानंतर दोघेही माझ्याकडे या. चहा देईन, कपबशी मात्र हातात घट्ट धरून बसावे लागेल.