संशोधन फक्त पीएचडीवाल्यांसाठी?

या चर्चेत एकांनी लिहिलंय की आयटीच्या पोरांना नोकरीपुरतं कोडिंग शिकवा, संशोधन पीएचडीवाल्यांना सोडा. मी बेळगावात शिकवतो, मला हे अजिबात पटत नाही. इंटरनेटवरचं कुठलं पान महत्त्वाचं हे त्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरवायची ‘पेजरँक’ ही गुगलमागची कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधक विद्यार्थ्यांची, त्यांचा निबंध १९९८ चा. पोरं दिवसभर गुगल वापरतात, ते कुठल्या प्रश्नातून जन्मलं हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी खानापूरकडच्या एका विद्यार्थिनीनं आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. ‘काय करायलायस?’ हे आजीचं रोजचं वाक्य. बोलून टाइप करायच्या सोयीनं त्याचं भलतंच काहीतरी केलं. मग ती वही घेऊन बसली. किती शब्द बदलले, किती गळले, किती नसताना घुसले, बेरीज करून मूळ शब्दसंख्येनं भागलं. अशा सोयींच्या चुका मोजायची जगभरची रीत हीच, हे तिला नंतर शोधनिबंध वाचताना कळलं. काय खूश झाली होती! आता मराठीत कानडी शब्द मिसळले की चुका वाढतात का, हे ती तपासतेय. तिला निपाणी-चिकोडीकडचं बोलणंही हवंय. कुणाच्या घरचे आजी-आजोबा तयार असतील तर इथं जरूर सांगा.