हॅनफर्डशेजारी बोअरचं घर घ्यावं का?

तासगावकर: पुतण्याला अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडजवळ द्राक्षबागेत नोकरी लागलीय. शेजारी हॅनफर्डचा जुना अणुप्रकल्प, नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथलंच. घर स्वस्तात मिळतंय, पण पाणी खासगी बोअरचं. सूनबाई इथून टीडीएस मीटर नेणार म्हणतात. पाणी उकळून भागेल का? दूध आणि परसातली मेथी चालेल?

मिरज_पाणीतपासणी: मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम; तेवढ्यानं आकडा हलतसुद्धा नाही. उकळून जंतू मरतात, पण पाणी आटून युरेनियम-नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. आरओ ही दोन्ही आणि किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम बरंच अडवतो. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, नाही अडवत, ते पाण्याच्या रेणूतच बसलेलं असतं.

आधी नायट्रेट तपासा. त्या शेतीपट्ट्यात खताचं दुखणं आपल्यासारखंच आहे. आणि रिपोर्ट नीट वाचा: तिकडची मर्यादा १० मिलिग्रॅम, पण ती नायट्रोजन म्हणून, आपली ४५, नायट्रेट म्हणून. दोन्ही जवळपास एकच. तिकडचे १४ म्हणजे आपले ६२. '४५ च्या आत आहे की' म्हणून त्यात तान्ह्या बाळाची दूधपावडर कालवली, तर पंचाईत.

कराडचे_काका: दुधाची भीती जुनी झाली. १९४४ पासून तिथल्या धुराड्यांतून आयोडीन-१३१ सुटायचं. गवत, गाय, दूध आणि पोरांची थायरॉईड, अशी त्याची वाट. डिसेंबर १९४९ मध्ये तर शेजाऱ्यांना न सांगता मुद्दाम सोडलं. पण त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ८ दिवसांचं, ८० दिवसांत हजारावा हिस्साही उरत नाही. आणि प्लुटोनियम बनवणारी शेवटची अणुभट्टी १९८७ ला बंद झाली.

खरी डोकेदुखी जमिनीखाली आहे: १७७ टाक्या, साधारण २१ कोटी लिटर कचरा, त्यातल्या काही गळलेल्या. म्हणून बोअर कोलंबिया नदीच्या कुठल्या अंगाला आणि किती खोल, हे आधी विचारा.

मेथी खुशाल लावा, झाडांची अडचण प्रकल्पाच्या आवारातली आहे. स्ट्रॉन्शियम-९० झाडं कॅल्शियमसारखंच शोषतात, म्हणून प्रकल्पाच्या आवारात वाऱ्यावर गडगडणारी वाळकी काटेरी झुडपं गोळा करावी लागतात. गावात उडून आलेलं झुडूप बहुधा साधंच असतं, तरी शेकोटीत घालू नका.

तासगावकर: म्हणजे शहराच्या नळाचंच घर बघायला सांगतो. मीटर ठेवू देत घरीच?

मिरज_पाणीतपासणी: नाही, न्यायला सांगा. आरओच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजायचं. ५०० चे ५० येत असतील तर मेम्ब्रेन ठीक. १५० वर गेलं की बदलायचं. मीटरचा उपयोग तेवढाच.