तातडीने मदत हवी: मुलीच्या फेन्सिंगचा दिवा नीट लागत नाही, रविवारी मॅच आहे

सुशेगाद_नाही
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. मुलगी दीड वर्ष फेन्सिंगला (तलवारबाजीला) जातेय. परवा रात्री क्लबच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज आला की येत्या रविवारी क्लबातच मॅची आहेत, आणखी दोन क्लबांची मुलं येणार, मग चवथीची सुट्टी, आणि चवथ झाली की चौदा वर्षांखालच्यांचं सिलेक्शन, त्याच्या आधी एक दिवस पालकांनाही रेफ्रीचे इशारे शिकवणार म्हणे (चवथीच्या तोंडावर मला घरातून कोण सोडतंय). आणि सगळ्यात खाली एक ओळ, की या खेपेला किट ज्याचं त्याने आणायचं आणि मॅचच्या आधी चेकिंग होणार. झालं! गेल्या आठवड्यात मशीनचा दिवा (वार लागला की पेटतो तो) नीट लागत नाही म्हणून सरांनी तिला बाजूला बसवलं होतं, "इलेक्ट्रिकचं बघून घ्या" एवढंच बोलले. मी एका पालकाकडून कोरी बॉडी वायर (कपड्यांच्या आतून तलवारीला जोडतात ती) विकत घेतली, तरी तेच. आज गुरुवार. फोंड्याला किंवा पणजीत हे दुरुस्त करणारं कोणी आहे का?

एक_पाऊल_पुढे
कुठली तलवार? फॉइल, एपी की सेबर? तिन्हींचं वायरिंग वेगळं असतं. आणि "नीट लागत नाही" म्हणजे काय, लागतच नाही, की सारखा लागून राहतो, की पांढरा लागतो?

नारळपाणी
पावसाळ्यात ठेवलेली तलवार ना? गंज. दुसरं काही नाही. डब्ल्यूडी ४० मारा, टोकावर पण मारा, पाच मिनिटांत काम. आमच्या गेटाची बेल अशीच सुरू झाली.

एक_पाऊल_पुढे
टोकावर अजिबात मारू नका!! आत बारीक स्प्रिंग असते, तेल गेलं की धूळ चिकटते आणि मग बटण अडकतं. पात्यावरचा गंज बारीक सँडपेपरने काढा, कोरड्या फडक्याने पुसा, बस.

नारळपाणी
वीस वर्षं मोटर वाइंडिंग करतोय साहेब. तेलाने काय होतं काय होत नाही ते मला सांगू नका.

सुशेगाद_नाही
फॉइल आहे.

उसळपाव
फॉइलचं एवढं काय, किराणा दुकानात रोल मिळतो. 😄 बरं ते सोडा, या खेळाला दहावीला स्पोर्ट्सचे मार्क मिळतात का? माझा मुलगा आठवीत आहे, फुटबॉलला गर्दी फार.

डिचोलीचा_मास्तर
आपल्याकडे तलवारबाजी काही आज आली नाही. शिगम्यात घोडेमोडणी बघा, कमरेला लाकडी घोडा आणि हातात तलवार घेऊन पोरं काय नाचतात. पलीकडे कोल्हापुरात दांडपट्टा. ते सोडून वायर लावून दिवे पेटवायचे, याला मी तलवार म्हणत नाही. चाळीस वर्षं पीटी शिकवली, जे पाहिलं ते सांगतो.

एक_पाऊल_पुढे
मास्तर, घोडेमोडणी मलाही आवडते पण हा खेळ वेगळा आहे हो. फॉइल ५०० ग्रॅमच्या आत असते, पातं ९० सेंमीपर्यंत, आणि वार होतो की नाही हे डोळ्यांना दिसतच नाही इतक्या लवकर होतं, म्हणून दिवा. नाहीतर प्रत्येक पॉइंटला भांडण.

कदंबाने_येजा
भांडण दिवा असला तरी होतंच. 😄 बाकी मुलीला सांगा भवानी देवीसारखं ऑलिम्पिक मेडल आणायचं.

म्हापशाची_मावशी
मेडल नाही मिळालं हो तिला. ऑलिम्पिकला पोचलेली ती आपली पहिली फेन्सर, टोकियोला, २०२१ मध्ये. पहिली मॅच १५-३ जिंकली, दुसरी ७-१५ हरली. मेडल २०२३ च्या आशियाई चॅम्पियनशिपला, ब्राँझ. आणि ती सेबर खेळते, या ताईंच्या प्रश्नाला तिचा उपयोग शून्य. ताई, दिव्याचा रंग सांगा ना.

सुशेगाद_नाही
पांढरा. रंगीत लागायला पाहिजे तिथे पांढरा लागतो.

नारळपाणी
मग बल्ब बदला.

एक_पाऊल_पुढे
😑
फॉइलमध्ये पांढरा दिवा म्हणजे बटण दाबलं गेलं पण टोक लामेवर (वरच्या जॅकेटवर) लागलं नाही, हातावर पायावर लागलं. तिची तलवार खराब असती तर पांढरा न मारतासुद्धा लागून राहिला असता, कारण फॉइलचं सर्किट एरवी जोडलेलं असतं, बटण दाबलं की तुटतं, आणि वायर आत तुटली तरी मशीनला तेच वाटतं. एपीचं नेमकं उलटं. आता हे सांगा, पांढरा दिवा तिने मारल्यावर लागतो की तिला मारल्यावर? आणि कोणाच्या बाजूचा?

सुशेगाद_नाही
थांबा, तिला विचारते, शाळेतून आत्ताच आलीय.
ती म्हणते तिचे पॉइंट नीट लागतात. समोरच्याने तिला मारलं की समोरच्याच्या बाजूला पांढरा. म्हणून तर दुसऱ्या मुलीची आई कुरकुर करत होती की हिला पॉइंटच बसत नाही. मला वाटलं हिची तलवार बिघडली, म्हणून वायर घेतली.

म्हापशाची_मावशी
अगो बाय! तलवार ठणठणीत आहे तिची. लामे गेलाय. म्हणजे वरून घालायचं ते चंदेरी जॅकेट. त्यात धातूचा धागा असतो, तो घामाने मरतो. कुठेही मारलं तरी पांढरा, की एखाद्याच जागी? सगळीकडे असेल तर पाठीमागची क्लिप लागत नसेल, फुकटात सुटाल.

सुशेगाद_नाही
डाव्या काखेखाली आणि थोडं पोटावर. तिथे हिरवट डाग पण आहे. मला वाटलं बुरशी, या दिवसांत आमच्याकडे कपाटातल्या साड्यांना पण धरते, म्हणून जूनमध्ये मशीनला लावलं होतं इतर कपड्यांबरोबर.

एक_पाऊल_पुढे
मशीनला 🙏 हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर नारळपाणींचा बल्ब वाचला असता. हिरवं म्हणजे धातूच गंजतोय. शेजारी कोणाकडे मल्टिमीटर असेल तर ओहमवर ठेवून एक टोक कॉलरपाशी, दुसरं डागावर. कुठल्याही दोन जागांमध्ये ५ ओहमच्या वर रीडिंग नको. आकडा येतच नसेल तर ती जागा मेली.

कदंबाने_येजा
चवथीला समई घासतो तशी कोकमाची सोलं चोळा की. काळी पडलेली पितळ कशी लख्ख होते.

म्हापशाची_मावशी
नको नको. समई जाड असते, हा केसासारखा धागा, आंबटाने उरलासुरला पण जाईल. लामे कोमट पाण्यात थोडी सौम्य पावडर घालून नुसता बुडवायचा, पिळायचा नाही, चोळायचा नाही, दोन पाण्यांतून काढून हँगरवर पंख्याखाली. आणि मुख्य म्हणजे प्रॅक्टिस झाल्यावर ओला तसाच बॅगेत कोंबून ठेवायचा नाही. या हवेत एक रात्र पुरते. आमच्या घरी पावसाळाभर किटच्या कपाटात लहान दिवा पेटता असतो, नवरा वीजबिलावरून बोलतो तो बोलतो.

उसळपाव
मार्कांचं कोणी सांगितलं नाही.

नारळपाणी
मल्टिमीटर माझ्याकडे आहे. मी फोंड्यालाच, मार्केटजवळ. घेऊन या जॅकेट, पाच मिनिटांचं काम, पैसे नकोत. आणि टोकावर तेल मारायचं नाही हे मला मान्य, पण पात्यावर मारलंच पाहिजे, त्यावर मी मागे हटणार नाही.

सुशेगाद_नाही
(शुक्रवार, रात्री) सगळ्यांचे आभार. नारळपाणी दादांनी मीटर लावलं, काखेखाली आकडाच येत नाही, हाताच्या पंजाएवढी जागा मेलीय, बाकी ठिकाणी २-३ येतं. त्यांनी आग्रहाने पातं पण पुसून दिलं. नवीन लामे कुरियरने मागवला तर चवथीनंतरच हातात पडेल. रविवारचं काय करू? कोणीतरी म्हणालं मेलेल्या जागी दुसऱ्या लामेचा तुकडा शिवतात, खरं का?

एक_पाऊल_पुढे
शिवतात, पण तुकडा चांगल्या भागावर बराच चढला पाहिजे म्हणजे करंट जातो, आणि चेकिंगवाला बोट ठेवणारच. त्यापेक्षा उसना बघा.

म्हापशाची_मावशी
माझ्या मुलीचा जुना लामे आहे, ती आता बारावीला, खेळणं बंद झालंय. अंगापिंडाने कशी आहे तुमची? आणि उजव्या हाताने खेळते ना?

सुशेगाद_नाही
बारीक आहे, तेराची. डावखुरी.

म्हापशाची_मावशी
डावखुरी!! आत्ता सांगताय. म्हणूनच डावी काख गेली, तलवारीच्या हाताखाली घाम जास्त आणि मारही तिथेच. बरं, आमच्याची चेन पाठीला आहे, ती दोन्ही हातांना चालते. चेन बाजूला असती तर पंचाईत होती. उद्या नवरा कामाला फोंड्याला येतोय, नारळपाणींच्या दुकानात ठेवायला सांगते. लांब होईल, खाली दुमडून पिन लावू नका, नुसता आत खोचा. आणि परत देताना सुकवून द्या.

डिचोलीचा_मास्तर
रविवारी किती वाजता आहे? बघायला आलं तर चालतं का कोणालाही?

सुशेगाद_नाही
साडेनऊला मास्तर, या की. चहा आहे, वडे पालक आळीपाळीने आणतात, या खेपेला माझी पाळी. त्याचंही अजून काही केलेलं नाही.